शंकरपटाचे मैदान आणि दूरचित्रवाणीचा पडदा : चंद्रपूर-गडचिरोली परिसराच्या संदर्भात आर्केड शर्यत-खेळांच्या आकर्षणाचा ऐतिहासिक विचार

सारांश

घरगुती कन्सोलवरील आर्केड पद्धतीच्या मोटारशर्यतींनी १९८० नंतरच्या तीन दशकांत जगभरातील दिवाणखान्यांत प्रवेश केला. या खेळांचे आकर्षण केवळ वेगाच्या ओढीने स्पष्ट होत नाही. अल्प कालावधी, घड्याळाचा धाक, हाताळणीतील सुलभता आणि अपघाताची निरुपद्रविता या चार गोष्टींवर ते उभे आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत शर्यतीची स्वतंत्र व जुनी परंपरा शंकरपटाच्या रूपाने नांदत असल्याने या आकर्षणाची मर्यादा तेथे अधिक स्पष्टपणे तपासता येते. पडद्यावरील शर्यतीने शर्यतीतील इजा वगळली, परंतु त्याबरोबर शर्यतीचा साक्षीदार समाजही वगळला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आर्केड खेळ, घरगुती कन्सोल, शंकरपट, झाडीपट्टी, प्राणिक्लेश, करमणुकीचा इतिहास.

प्रस्तावना

भाताची कापणी व मळणी आटोपली की वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत शंकरपटाचे दिवस येतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुके आणि आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुके मिळून भातशेतीचा जो पट्टा होतो, तो लोकव्यवहारात झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांचा भागही तिच्यातच मोडतो. बैलजोडीला हलकी रेंगी किंवा छकडा जुंपून सरळ धावपट्टीवर पळवावयाचे आणि वेगाचा निवाडा करावयाचा, हे शंकरपटाचे स्थूल स्वरूप होय. प्रत्यक्ष धाव काही सेकंदांत संपते. त्या सेकंदांसाठी माणसे मात्र दिवसभर उन्हात उभी राहतात.

काही सेकंदांच्या वा मिनिटांच्या धावेत माणसाला इतके गुंतवून ठेवणारे नेमके काय असते, हा प्रश्न शंकरपटापुरता मर्यादित नाही. दूरचित्रवाणीला जोडलेल्या खेळयंत्रावर मोटारशर्यत खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे. या दोन शर्यतींची सांगड वरकरणी विसंगत वाटेल. एकीकडे कृषिसंस्कृतीतील गोवंश, तर दुसरीकडे जपानी व अमेरिकी कारखान्यांतून आलेले विद्युत्-यंत्र. तथापि करमणुकीच्या इतिहासात साधने बदलतात आणि त्यामागील प्रेरणा टिकून राहतात, असे अनेकदा मानले जाते. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी ही तुलना उपयुक्त ठरते.

आर्केड शर्यतीची घडण

आर्केड म्हणजे नाणे टाकून खेळावयाची यंत्रे मांडलेले सार्वजनिक दालन. १९७४ मध्ये अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हे सुकाणूचक्र व पायपट्ट्या असलेले शर्यतयंत्र बाजारात आणले. त्याच वर्षी जपानमधील टायटो कंपनीचे, तोमोहिरो निशिकाडो यांनी रचलेले ‘स्पीड रेस’ आले. १९८२ मध्ये नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ने मोटारीच्या मागून दिसणारा, क्षितिजाकडे धावणारा रस्ता पडद्यावर रूढ केला. १९८६ मध्ये सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी घडविलेल्या ‘आउट रन’मध्ये तर प्रतिस्पर्ध्याला हरविण्यापेक्षा ठरावीक वेळेत पुढचा टप्पा गाठणे महत्त्वाचे होते. खेळाडूला आरंभी संगीत निवडता येई. रस्त्याला फाटे फुटत आणि कोणत्या फाट्याने जावयाचे ते त्यालाच ठरवावे लागे.

या खेळांची रचना ठरविण्यात कलेइतकाच व्यवहाराचाही वाटा होता. एका नाण्यात खेळाडू दीर्घकाळ खेळत राहिला तर यंत्रमालकाचे नुकसान होते, आणि तो फार लवकर बाद झाला तर पुन्हा नाणे टाकत नाही. या दुहेरी अडचणीतून घड्याळाची योजना पुढे आली. पडद्याच्या वरच्या बाजूस सेकंद उलटे मोजले जातात. टप्पा गाठला की थोडा वेळ वाढवून मिळतो, न गाठल्यास खेळ संपतो. नवख्या माणसाला क्षणात समजावा, परंतु पूर्णपणे हाती येऊ नये, अशी ही मांडणी होती. मोटारीचे यंत्रशास्त्र, चाकांची झीज, इंधनाचे गणित या गोष्टी तिच्यात एक तर नसत, किंवा असल्या तरी अगदी ढोबळ स्वरूपात असत.

हीच शर्यत घरात आली तेव्हा नाण्याची गरज उरली नाही, घड्याळ मात्र कायम राहिले. निंटेंडो कंपनीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. त्यावर १९८४ मध्ये ‘एफ-वन रेस’ व ‘एक्साइटबाइक’ आणि १९८५ मध्ये कोनामी कंपनीचा ‘रोड फायटर’ हे खेळ उपलब्ध झाले. ‘रोड फायटर’मध्ये घड्याळाचे काम इंधन करते. ते सतत घटत जाते, धडक बसली की आणखी घटते, आणि वाटेतील विशिष्ट मोटारीला स्पर्श केल्यास थोडे वाढते. ‘एक्साइटबाइक’मध्ये अतिवेगाने इंजिन तापते व ते थंड होईपर्यंत थांबावे लागते. यंत्रमालकाच्या हितासाठी जन्मलेली मर्यादा अशा रीतीने घरगुती खेळात आनंदाचे कारण बनली. मर्यादा नसती तर वेगाला अर्थ उरला नसता.

पुढील दशकात या प्रकाराला दोन महत्त्वाची वळणे मिळाली. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’ने पडदा दुभंगून दोन खेळाडूंना शेजारी बसविले आणि मागे पडलेल्याला अधिक प्रभावी साधने देऊन चुरस अखेरपर्यंत टिकविली. नामकोचा ‘रिज रेसर’ हा १९९३ चा आर्केड खेळ ३ डिसेंबर १९९४ रोजी सोनीच्या प्लेस्टेशन यंत्राबरोबरच जपानी घरांत पोहोचला. दालनातील यंत्र व घरातील यंत्र यांतील अंतर यामुळे बरेचसे मिटले. १९९७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ने याच्या उलट दिशेने, म्हणजे वास्तवाच्या काटेकोर अनुकरणाकडे वाटचाल केली. तरीही आर्केड पद्धत मागे पडली नाही. २००४ च्या ‘बर्नआउट ३’ने प्रतिस्पर्ध्याला धडकून उडविणे हाच पराक्रम ठरविला आणि तो खेळ मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय झाला.

भारतीय घर आणि वनजिल्ह्यांतील वास्तव

१९८२ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने योगायोगाचे आहे. जपानमध्ये ‘पोल पोझिशन’ अवतरले त्याच वर्षी भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाखाली होते आणि कित्येक दशके वडसा-देसाईगंज हेच त्याचे रेल्वेशी नाते सांगणारे ठिकाण होते. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत नागरी लोकसंख्येचा वाटा सुमारे ११ टक्के होता. चंद्रपूर जिल्ह्यात तो सुमारे ३५ टक्के होता.

कन्सोल म्हणजे केवळ एक खेळणे नव्हे. त्याच्या मागे दूरचित्रवाणी संच, खात्रीची वीज आणि नियमित मिळकत अशी साखळी असते. चंद्रपूर जिल्ह्यात ही साखळी ऊर्जानगरच्या वीज-वसाहतीत, बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या परिसरात, कोळसा खाणींच्या वसाहतींत आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणीभोवती जुळणे शक्य होते. वैनगंगेपलीकडील पाड्यांत ती जुळणे अवघड होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २३४० मेगावॅटपर्यंत पोहोचली होती. तरीही २००५ नंतरच्या वर्षांत राज्यातील ग्रामीण भागाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. ज्या जिल्ह्यात वीज निर्माण होत होती, त्याच जिल्ह्यातील खेड्यांतून ती दिवसाचे कित्येक तास नाहीशी होत असे.

भारतात आरंभी आलेली बहुतांश यंत्रे मूळ कंपनीची नव्हती. ‘फॅमिली कॉम्प्युटर’शी जुळणाऱ्या, परवान्याविना बनविलेल्या स्वस्त यंत्रांना बोलीभाषेत ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हटले जाई. एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची जाहिरात तिच्या वेष्टनावर असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ फिरून फिरून येत, आणि त्यांत ‘रोड फायटर’, ‘एफ-वन रेस’ व ‘एक्साइटबाइक’ हे हमखास सापडत. त्यामुळे भारतीय मध्यमवर्गाच्या एका पिढीला शर्यत-खेळाची पहिली ओळख जपानमध्ये तो नवा असताना झाली नाही. ती दहा-पंधरा वर्षांनी, नक्कल यंत्राद्वारे झाली. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र सप्टेंबर २००६ मध्ये, तर सोनीचे प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात अधिकृतरीत्या विक्रीस आले. परंतु त्यांची किंमत लक्षात घेता ती प्रामुख्याने महानगरांतच राहिली.

या परिस्थितीत आर्केड पद्धतीच्या लघुशर्यतीचा एक गुण विशेष उपयोगी होता. स्वस्त यंत्रांत खेळाची प्रगती साठवून ठेवण्याची सोय सहसा नसे. दीर्घ कथानकाचा खेळ वीज जाताच मुळापासून सुरू करावा लागे. शर्यतीला मात्र मागचे काही लक्षात ठेवावे लागत नाही. ती तीन-चार मिनिटांत पूर्ण होते, आणि वीज आल्यावर नवी शर्यत तितक्याच उत्साहाने सुरू होते. नाण्याच्या हिशेबातून आलेली लांबी अशा प्रकारे भारनियमनाच्या घरालाही मानवली.

आकर्षणाची मीमांसा

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये क्रीडा हा संस्कृतीचा पाया असल्याचे मत मांडले. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांची चार वर्गांत विभागणी केली : चुरस, दैव, सोंग आणि भोवळ. शर्यतीचा आर्केड खेळ हा यांपैकी किमान तीन वर्गांत एकाच वेळी बसतो. प्रतिस्पर्ध्याशी चुरस आहे, आपण चालक असल्याचे सोंग आहे, आणि डोळ्यांपुढून वेगाने मागे सरकणाऱ्या रस्त्याने येणारी भोवळही आहे.

तथापि वर्गीकरणापेक्षा कार्यपद्धतीचा विचार अधिक बोधप्रद ठरतो. या खेळात कृती व परिणाम यांत अंतर नसते. अंगठा दाबताच मोटार वळते. शेती, शिक्षण वा नोकरी यांत परिश्रमाचे फळ महिन्यांनी वा वर्षांनी दिसते. येथे ते तत्क्षणी दिसते. दुसरे असे की, अपयश स्वस्त असते. मोटार आदळते, पेट घेते आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा रस्त्यावर उभी राहते. चुकीची शिक्षा केवळ दोन सेकंदांची असल्यामुळे खेळाडू धोका पत्करावयास शिकतो. तिसरे, सुधारणा मोजता येते. कालच्यापेक्षा आज टप्पा पुढे गेला, हे सांगावयास परीक्षक लागत नाही. आणि चौथे, नवखा व सराईत एकाच सतरंजीवर बसून खेळू शकतात. मोटार कधीही न चालविलेले मूल वाहनचालक असलेल्या वडिलांना हरवू शकते, आणि वयाची ही उलटापालट घरातील हास्यविनोदाचे मोठे कारण ठरते.

शंकरपट : साम्य व भेद

वरील चार घटकांच्या निकषावर शंकरपट पाहिल्यास आश्चर्यकारक साम्य आढळते. तेथेही धाव अल्पकालीन असते. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्टीवरून सुटतात, तर काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर धावते व सेकंदाच्या अंशांवर निकाल लागतो. नियम पाहताक्षणी समजतात. धुरकऱ्याची कृती व बैलांची झेप यांत अंतर नसते. वास्तवाच्या अनुकरणावर भर देणाऱ्या खेळांपेक्षा आर्केड शर्यत शंकरपटाला अधिक जवळची आहे, असे म्हणता येईल.

परंतु उरलेल्या बाबतींत दोन्हींची वाट वेगळी होते. पडद्यावरील लाल मोटार व निळी मोटार यांत रंगाखेरीज फरक नसतो. पटातील जोडीला मात्र नाव असते, मालक असतो, गाव असते. ती कोणत्या बाजारातून आणली, गेल्या साली कुठे जिंकली, तिला खुराक काय दिला जातो, याची चर्चा धावेच्या आधी व नंतर चालते. धाव काही सेकंदांची असली तरी तिचे बोलणे वर्षभर पुरते. कन्सोलवरील शर्यत बोलण्यासाठी फारसे मागे ठेवत नाही. खेळ बंद केला की तिची नोंदही बहुधा पुसली जाते.

याहून महत्त्वाचा भेद रात्रीचा आहे. पटाच्या निमित्ताने गावोगावचे सोयरे जमतात, लेकी-जावई येतात आणि रात्री मंडपात नाटक होते. झाडीपट्टी रंगभूमीच्या वाढीत या पाहुण्या प्रेक्षकांचा वाटा मोठा आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार व खडी गंमत सादर होत असे. पुढे तिकीट लावून रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा व्यवसाय वडसा-देसाईगंज या केंद्राभोवती स्थिरावला. या रंगभूमीचे गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. शर्यत, बाजार, सोयरिकीच्या गाठीभेटी आणि नाटक ही एकाच गुंफणीची अंगे आहेत. त्यांतून शर्यत तेवढी उचलून घरात आणता येत नाही. आणली तर ती केवळ वेग होऊन येते.

बंदीचा काळ आणि त्याचा धडा

शंकरपटाची दुसरी बाजू नजरेआड करणे इतिहासाला धरून होणार नाही. मुका प्राणी शर्यतीला संमती देत नाही. पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे अशा प्रकारांमुळे बैलांना होणाऱ्या वेदना हा गंभीर आक्षेप आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शन व खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या विरोधी ठरविल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने त्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व प्राण्याला क्लेश न देण्याचे बंधन या चौकटीत आता शर्यती होतात.

बंदीच्या या वर्षांकडे करमणुकीच्या इतिहासकाराने वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. नेमक्या याच काळात शर्यतीचा निरुपद्रवी पर्याय अभूतपूर्व प्रमाणात स्वस्त झाला. २०१२ मध्ये ‘हिल क्लाइंब रेसिंग’सारखे खेळ मोबाइलवर विनामूल्य मिळू लागले, आणि २०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरल्याने कन्सोल न पोहोचलेल्या गावांतही पडद्यावरील शर्यत पोहोचली. माणसाला केवळ वेग व चुरस हवी असती, तर मैदानावरील शर्यतीची मागणी हळूहळू विरून जावयास हवी होती. तसे घडले नाही. ट्रॅक्टरमुळे शेतीतील बैलाचे स्थान आक्रसत असतानाही ही मागणी विधिमंडळापासून घटनापीठापर्यंत टिकून राहिली. तिच्यामागे राज्यभरातील बैलगाडा मालकांचे हितसंबंध व राजकीय पाठबळ होते, हे खरे. परंतु ज्या गोष्टीला लोकांनी पर्याय स्वीकारला आहे, तिच्यासाठी इतका दीर्घ पाठपुरावा सहसा होत नाही.

यावरून पडद्यावरील शर्यत फसवी वा निकृष्ट ठरत नाही. तिने एक मोठी गोष्ट सिद्ध केली आहे : चुरस, धोका व विजय यांचा आनंद कोणत्याही जिवाला इजा न करता निर्माण होऊ शकतो. शंकरपटाच्या समर्थकांनी हे नाकारू नये. तद्वतच पटाला विरोध करणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की, बंदीने केवळ एक क्रूर प्रथा थांबत नाही, एका मोसमातील सामाजिक भेटीगाठींचे निमित्तही थांबते. बंदीच्या काळात झाडीपट्टीतील नाटके थांबली नाहीत. त्यांनी दिवसाच्या पटाविना रात्रीचा प्रेक्षक टिकविला. समाज एकत्र येण्यासाठी बैल पळविणे अपरिहार्य नाही, एकत्र येणे मात्र अपरिहार्य आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. आर्केड शर्यत-खेळाची लघुता व घड्याळ ही मूलतः नाण्याच्या व्यवहारातून आलेली असली तरी घरात आल्यावर तीच त्याच्या आकर्षणाची मुख्य कारणे बनली. चंद्रपूर-गडचिरोली परिसरात हे खेळ वीज, वेतन व वसाहत यांच्या वाटेने आले. म्हणून त्यांचा प्रसार विषम राहिला आणि मोबाइलनंतरच ती विषमता काहीशी कमी झाली. शंकरपट व आर्केड शर्यत यांची क्रीडाघडण परस्परांस जवळची असली तरी त्यांचे सामाजिक कार्य भिन्न आहे. दुभंगलेल्या पडद्यापुढे शेजारी बसलेली दोन मुले हाच पडद्यावरील शर्यतीतील मैदानाचा शेष होय, आणि मोबाइलने शर्यत एकेकट्याच्या तळहातावर आणून तो शेषही क्षीण केला आहे. मैदानावरील शर्यतीला प्राण्याच्या वेदनेचे उत्तर द्यावयाचे आहे, तर पडद्यावरील शर्यतीला एकटेपणाचे. वनजिल्ह्यांतील करमणुकीचा पुढील इतिहास या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून राहील.